पारंपरिक म्हणजे बेवारस नव्हे

हिमायतनगरच्या परिसरात लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची चाल आजही मोडलेली नाही. माहूरची रेणुका आणि माळेगावचा खंडोबा, दोन्ही याच नांदेड जिल्ह्यातले. संबळ-तुणतुण्याचा नाद येथल्या कानांना परका असणे शक्यच नाही. पण वरातीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून जे घुमते, ते अजय गोगावले यांच्या आवाजातले ‘मल्हारवारी’. २००४ च्या ‘अगं बाई अरेच्चा!’ या चित्रपटातले हे गाणे. लोकगायकाचा खडा, वरच्या पट्टीतला सूर आणि त्यामागे आधुनिक वाद्यमेळाचा दणका, हा त्याचा घाट.

याला कोणी भेसळ म्हणेल. ती तक्रार पोकळ आहे. हेच पद शाहीर साबळे यांनी अंगणातून ध्वनिमुद्रिकेवर नेले होते, आणि उपरोक्त चित्रपटाचे दिग्दर्शक केदार शिंदे त्यांचेच नातू. ‘जोगवा’च्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. ‘सैराट’साठी (२०१६) हे बंधू लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदापर्यंत गेले, यातही वावगे काही नाही. लोककला सोवळ्यात राहिली असती तर केव्हाच मेली असती.

प्रश्न संगीताचा नाही, मालकीचा आहे.

अमेरिकेत दारूच्या गुत्त्यांत कष्टकऱ्यांपुढे गायिल्या जाणाऱ्या ‘हाँकी-टाँक’ गाण्याला ड्वाइट योकम या गायकाने रॉकची धार दिली. १९८६ साली त्याने जॉनी हॉर्टन याचे १९५६ मधले गाणे नव्याने गायिले. त्या गाण्यावर रचनाकारांची नावे होती; म्हणून नव्या विक्रीतला वाटा कायद्यानेच त्यांच्याकडे वा त्यांच्या वारसांकडे वळला. आपल्याकडे त्या जागी एकच शब्द छापला जातो: ‘पारंपरिक’. १९५७ चा कॉपीराइट कायदा कर्ता शोधतो. पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत चाललेल्या पदाला तो सापडत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला सादरीकरणाचा हक्क दिला, २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वधनाची तरतूद केली. पण ती ज्याचा आवाज मुद्रित झाला त्याच्यासाठी. ज्याच्या आजाने ते पद जिवंत ठेवले, त्या गोंधळ्याच्या पदरी शिधा आणि बिदागीच.

गोंधळी समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतो. शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते, परंतु ते अर्ज करून मिळवायचे असते. हक्काने मागायचे नसते. दातृत्व आणि देणे यांतला हा फरक अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळावा.

‘पारंपरिक’ असा शिक्का मारलेल्या प्रत्येक व्यापारी ध्वनिमुद्रणातून ठराविक हिस्सा बाजूला काढून तो गोंधळी, वाघ्या-मुरळी, वासुदेव यांच्या निधीत जमा करावा, आणि त्या निधीवर त्यांचेच प्रतिनिधी असावेत. ध्वनिमुद्रण कंपन्या हिशेबाची अडचण सांगतील. एकेका गाण्याची श्रवणसंख्या त्यांच्याकडे आज तासागणिक नोंदली जाते.