आत्मा फाटतो कशाने?

'हॅरी पॉटर' मुलांना जादूटोणा शिकवतो, अशी ओरड करणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे : तुम्ही ते पुस्तक वाचले आहे काय? २००५ मध्ये आलेल्या सहाव्या भागात रोलिंगबाईंनी साफ लिहिले आहे, की आत्मा फाटतो तो खुनाने. मंत्र फक्त तो फाटका तुकडा एखाद्या वस्तूत दडवतो. मरण टाळण्यासाठी व्होल्डेमॉर्ट असे तुकडे करीत गेला आणि त्याचा चेहराही माणसाचा उरला नाही. २००७ च्या सातव्या भागात इलाजही आहे : खरा पश्चात्ताप. तोही असा जीवघेणा, की सोसवणार नाही. आम्ही शिक्षक मुलांकडून नीतीचे धडे घोकून घेतो. याहून कडक धडा कोणता? मुलांना जादूची भीती घालू नका. दुसऱ्याचा जीव घेण्याची भीती त्यांना वाटू द्या!