हिशेब कुणी कुणाला द्यायचा?

काही दिवसांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी एका सत्काराला जावं लागलं. व्यासपीठावर एक बागायतदार बोलायला उभे राहिले आणि विषय सोडून म्हणाले, "सरकारनं पंधराशे रुपये देऊन बाया बिघडवून ठेवल्या. आता खुरपायला बाई मिळंना, अन् मिळाली तर भाव सांगती." सभागृहात हशा पिकला. टाळ्याही पडल्या. पुढच्या रांगेतल्या शिकलेल्या बायकाही हसल्या. मी गप्प बसून राहिले. घरी येईपर्यंत त्या गप्प बसण्याचा राग येत राहिला. हा लेख त्या रागातून लिहिते आहे.

आधी त्या भाषणाचा हिशेब करू. महिन्याला १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. आमच्याकडे दिवसभर वाकून खुरपलं तर बाईला अडीचशे, फार तर तीनशे मिळतात, आणि शेजारच्या सरीत काम करणाऱ्या गड्याला त्याहून जास्त. आता दिवसाच्या ५० रुपयांच्या आधारावर एखादी बाई "या भावात येत नाही" म्हणू शकत असेल, तर बिघडलंय कोण? बाई, की तुमचा भाव? इतकी वर्षं ती येत होती ती खुशीनं येत नव्हती. संध्याकाळच्या पिठाची सोय नव्हती म्हणून येत होती. सुगीत मजूर भाव वाढवून मागतो तेव्हा त्याला बाजार म्हणतात. बाईनं मागितला की ती बिघडली!

पण बागायतदाराला नावं ठेवून मी मोकळी होणार नाही. मीही तेच केलं आहे, जरा सभ्य भाषेत.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून पहिले ३००० रुपये बायांच्या खात्यावर आले. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या ज्या गावांत मी काम करते, तिथून दसरा-दिवाळीच्या सुमाराला अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मी वही घेऊन घरोघर फिरले. प्रत्येकीला एकच प्रश्न : पैशाचं काय केलं? मला वाटत होतं, मी मोठं अभ्यासाचं काम करते आहे. तिसऱ्या की चौथ्या दारात एका मावशीनं भाकरी थापता थापता वर न बघता विचारलं, "ताई, तुमालाबी मानधन येतं न्हवं? त्येचं तुमी काय करता, म्या इचारलं का कवा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वही मिटली आणि चहा घेतला. मग तिनं आपणहून सांगितलं. दुकानाची उधारी होती, तिच्यातले हजार दिले. सासूच्या डोळ्यांत घालायचं औषध आणलं. उरलेले डब्यात. "कुटल्या डब्यात त्ये न्हाई सांगनार," असं म्हणून ती हसली.

ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडून काय कळलं ते लिहिते. नावं देत नाही, गावं लहान आहेत. कुणी बचत गटाच्या नव्हे, तर घरी येऊन दर आठवड्याला वसुली करणाऱ्या कर्ज कंपनीच्या गटाचा हप्ता भरला. कुणी पोरीला वह्या, दप्तर आणि चप्पल घेतली. दोघी जावांनी काही महिन्यांचे पैसे साठवून अर्धलीत एक शेळी घेतली. एकीनं तापातल्या पोराला खासगी डॉक्टरकडे नेलं, कारण उपकेंद्राला कुलूप होतं. एकीच्या खात्यातून बँकेनं 'किमान शिल्लक नाही' म्हणून पैसे कापले. हाती आलं त्यातून तिचं येण्या-जाण्याचं भाडं सुटलं. एका म्हातारीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीचं लुगडं घेतलं आणि ते सांगताना लाजली. का लाजावं तिनं?

आणि हो, एकीचे पैसे नवऱ्यानं हिसकावून घेतले आणि प्याला. हे मी लपवणार नाही. लपवलं तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही. पण अशा एका घराचं उदाहरण घेऊन "बघा, पैसा दारूत जातो" म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी विचारते. पैसा यायच्या आधी तो पीत नव्हता का? आणि गावात दुकान कुणी दिलं? आडव्या बाटलीच्या मतदानासाठी सह्या गोळा करताना बायांची किती दमछाक होते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. २०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारनं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज मांडला. म्हणजे एका हातानं बायकोच्या खात्यावर घालायचं आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या खिशातून काढून घ्यायचं. दोष मात्र बाईच्या संसार करण्याला!

रोख पैसा दिला की गरीब उधळतात, हा समज जुना आहे आणि तो तपासला गेला आहे. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातल्या काही गावांत 'सेवा' संघटनेनं प्रयोग केला. मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये आणि मुलाला १०० रुपये, कसलीही अट न घालता. पुढे ही रक्कम वाढवली. पैसे दारूत गेले नाहीत. अन्न सुधारलं, पोरी शाळेत टिकल्या, कर्जं कमी झाली, शेळ्या-कोंबड्या आल्या. निरनिराळ्या देशांतल्या अशा योजनांचे अभ्यास एकत्र करून जागतिक बँकेच्या अभ्यासकांनीही २०१४ मध्ये तेच सांगितलं : रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही. आपल्याला हे सांगायला जागतिक बँक लागू नये. ज्या बाईनं आयुष्यभर अर्ध्या किलो तेलात महिना काढला, तिला पैसा कसा वापरावा हे कुणी शिकवायचं?

ऊसतोडीच्या गावात या १५०० रुपयांचा अर्थ आणखी वेगळा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि ती पडते पुरुषाच्या हातात. पहाटे उठून भाकरी करून, पोरं सांभाळून, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणाऱ्या बाईच्या कष्टाचा वेगळा आकडा कुठल्याच कागदावर नसतो. हिशेबात ती कोयत्याचा अर्धा दांडा. अशा बाईच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खात्यावर, कुणाच्या हातातून न येता आलेला हा कित्येकींच्या बाबतीत पहिला पैसा आहे. म्हणून आपल्यातल्या काहीजणी "ही मतांची खरेदी आहे" एवढंच म्हणून हात झटकतात ते मला पटत नाही. मतांची खरेदी होतीच. पण विकणाऱ्याचा हेतू वाईट म्हणून बाईच्या हातातली भाकरी वाईट होत नाही.

मग माझं भांडण कशाशी आहे? 'बहीण' या शब्दाशी.

आपल्याकडे बहिणीला काय मिळतं ते आठवा. भाऊबीजेला ओवाळणी, लग्नात आहेर, माहेरी गेलं की साडी-चोळी. आणि त्याच माहेरी, बाप गेला की हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. तरी आजही सही करणारी बाई म्हणते, "भावाशी वाईटपणा नको, माहेर तुटंल." म्हणजे लाडकी बहीण ती, जी वाटा मागत नाही. ओवाळणीवर खूश राहते. सरकारनं योजनेला हे नाव दिलं, ते नातं नीट समजून दिलं आहे.

आणि वाटा मागणारीचं काय होतं तेही बघा. जिच्या नावावर जमीन आहे, जिला केंद्राचे आणि राज्याचे मिळून शेतकरी सन्मानाचे महिन्याला १००० रुपये पडतात, तिला बहीण म्हणून फक्त ५०० ची भर घालण्यात आली. तेच जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे त्याला पूर्ण मिळतात आणि तिचे तिला पूर्ण १५००. सात-बारावर नाव लावून घेतलं याचा हा दंड!

ओवाळणीचं आणखी एक लक्षण असतं, ती भावाच्या मनावर असते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी अर्ज धडाधड मंजूर झाले, कुणी काही विचारलं नाही. प्रचारात २१०० रुपयांचं आश्वासन दिलं. २०२५ च्या मार्चच्या अर्थसंकल्पात ते आलं नाही. त्याच वर्षी छाननी सुरू झाली आणि २६ लाखांवर बायांचे पैसे थांबवल्याचं खुद्द मंत्र्यांनी सांगितलं. खोटे अर्ज करणाऱ्यांना काढा, आमची तक्रार नाही. पण ज्या बाईनं काही खोटं केलं नाही, तिलाही तिचे पैसे का थांबले हे सांगायला कुणी दारात आलं नाही. अर्ज भरून घेतलेली अंगणवाडीताई तेवढी शिव्या खायला हजर होती. तिचा गुन्हा काय? एका अर्जामागे ५० रुपये देऊ म्हणून तिच्याकडून ते काम करून घेतलं होतं.

मग २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात बाईच्या आधार क्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक आणि त्याच्या फोनवर येणारा आकडा मागितला. हक्काचा पैसा बाईचा, आणि किल्ली पुन्हा नवऱ्याच्या फोनात! योजनेच्या निकषांत 'परित्यक्ता' असा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. जिला टाकून दिलं आहे, तिनं टाकणाऱ्याच्या दारात जाऊन फोन मागायचा? ओरड झाल्यावर सरकारनं पुढे सवलत दिली : नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला, काडीमोड असेल तर घटस्फोटाचा कागद किंवा कोर्टाचा आदेश द्या. आता सांगा, टाकलेल्या बाईकडे यातला कुठला कागद असतो? नवरा जिवंत आहे आणि कोर्टात जायला तिच्याकडे एसटीचं भाडं नव्हतं. परित्यक्तांच्या प्रश्नावर या महाराष्ट्रात बायांनी परिषदा भरवल्या, मोर्चे काढले. इतक्या वर्षांनी सरकारच्या यंत्राला ती बाई अजून दिसत नाही.

तामिळनाडूनं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बायांना महिन्याला १००० रुपये सुरू केले. तिथल्या योजनेच्या नावात 'उरिमै' हा शब्द आहे, म्हणजे हक्क. तिथंही अटी आहेत, तिथंही राजकारण आहे. पण नावात हक्क असला की निदान भांडायला तोंड राहतं. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्या बायांनी ओवाळणी नव्हती मागितली, काम मागितलं होतं. त्या रेट्यातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ पासून अमलात आला. काम मिळालं नाही तर भत्ता मागण्याचा अधिकार त्यात होता. ती भाषा आपण विसरायला लागलो आहोत का?

"आमच्या कराचा पैसा" म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. साबणाच्या वडीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, मोबाइलच्या रिचार्जवर ती मावशीही कर भरते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं कंपन्यांवरचा कर कमी केला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल असं सरकारनंच सांगितलं होतं. त्या कंपन्यांच्या दारात वही घेऊन कोण गेलं? "पैशाचं काय केलं" हा प्रश्न फक्त खालच्या दारातच का विचारतात?

मी माझी वही फेकली नाही, तिच्यात उभी रेघ मारली. डाव्या बाजूला, बाईनं आपणहून सांगितलं तर, तिनं कशावर खर्च केला. उजव्या बाजूला, हे खरं म्हणजे कुणी द्यायला हवं होतं. पोराचं औषध : उपकेंद्र. सासूचे डोळे : ग्रामीण रुग्णालय. वह्या-दप्तर : शाळा. आठवड्याचा हप्ता : बँकेनं कर्ज नाकारलं म्हणून. किराणा : मजुरी पुरत नाही म्हणून. पानं भरत गेली तसं दिसू लागलं की या बायाच सरकारला मदत करताहेत. सरकारनं सोडलेली कामं त्या पंधराशे रुपयांत उरकताहेत. म्हातारीच्या लुगड्यासमोर मात्र मी काही लिहिलं नाही. ते तिचं आहे.

म्हणून मैत्रिणींनो, आपापल्या गावात अशी वही सुरू करा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावीच लागते. तिथे उजवी बाजू मोठ्यानं वाचा. आणि या मागण्या ठरावात लिहून घ्या. हा पैसा कायद्यानं द्या, निवडणुकीच्या हिशेबानं नको. महागाईबरोबर तो वाढवा. बाईची ओळख बाईच्याच कागदावर पटवा. परित्यक्तेला अंगणवाडीताई आणि ग्रामसभेचा दाखला पुरेसा धरा. आणि या पैशाच्या नावाखाली रेशन, दवाखाना, रोजगाराचं काम, अंगणवाडी यांतलं काहीही कमी करू नका.

ठरावाची एक प्रत आणि वहीची पानं आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात छापू. नावं नकोत, गावाचं नाव चालेल. त्या बागायतदारांना मी अंक स्वतः नेऊन देणार आहे. या खेपेला गप्प बसणार नाही.