दानथैली कुणाला विचारून उघडायची?

ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेत अंदाजपत्रक वाचलं जातं तेव्हा क्रम बहुधा ठरलेला असतो: पाळकांचं मानधन, वीजबिल, रंगरंगोटी, माइक-स्पीकर, नाताळची रोषणाई, आणि उरलंसुरलं तर 'गरिबांना मदत'. ही मदत म्हणजे डिसेंबरातली ब्लँकेटं आणि ती वाटतानाचा फोटो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात मंडळ्या लहान, थैल्या हलक्या. यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मुळीच पटत नाही.

त्यांचा पहिला मुद्दा: घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं. आपलेच सभासद मजुरीवर जगणारे, बाहेरच्यांना कुठून द्यायचं? शेजारच्या वाशीमला 1938 साली डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी रेनॉल्ड्स हॉस्पिटल काढलं ते परदेशी मिशनच्या बळावर. तो काळ गेला, असंही वर ऐकवलं जातं. काळ गेला हे कबूल. पण दान श्रीमंतांनीच करायचं असतं, हे कुणी सांगितलं? यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना पौलाने करिंथकरांपुढे कित्ता ठेवला तो कंगाल मासेदोनियाचा. मिझोराममधल्या बायका 1910 पासून स्वयंपाकाच्या तांदळातली मूठ चर्चसाठी बाजूला काढत आल्या आहेत.

दुसरा मुद्दा नाजूक आहे. बाहेरच्यांना दिलं की धर्मांतराचं आमिष म्हणून बोट दाखवलं जाईल. ही भीती पोकळ नाही. पण संशयाला खतपाणी मिळतं ते गुपचूप, हातावर टेकवलेल्या पैशाने. हिशेब फळ्यावर लावा, यादी करायला गावातला बचत गट आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना बसवा, मदतीच्या जोडीला प्रार्थनेचं निमंत्रण देऊ नका. एवढं करूनही कुणी बोट दाखवलंच, तर निदान उत्तर द्यायला कागद हातात असेल.

(छत गळत असेल तर आधी छत, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या स्पीकरबद्दल.)

मात्र खरी चूक रकमेत नाहीच. काय द्यायचं हे देणाऱ्यांनीच ठरवायचं, ही चूक आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जाऊ लागल्या आणि कुरकुर झाली. तेव्हा जे सात जण नेमले गेले, त्या स्तेफन, फिलिप्प वगैरे सगळ्यांची नावं ग्रीक आहेत. तक्रार ज्यांची, वाढायची पळी त्यांच्याच हाती दिलेली दिसते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केलं ते आरोग्याचं. पण लोकांना आधी हवं होतं अन्न आणि पाणी. 1972 च्या दुष्काळात त्यांनी तेच हाती घेतलं. पुढे खेड्यातल्या अल्पशिक्षित, अनेकदा दलित बायकाच तिथल्या आरोग्यसेविका झाल्या. 1979 च्या मॅगसेसे पुरस्कारापेक्षा मला हे मोठं वाटतं.

आता हिंगोलीकडे पाहा. 2023 च्या नोव्हेंबरात सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विक्रीला काढले. त्यांना ब्लँकेट देऊन काय होणार? कोरडवाहू सोयाबीनवाल्याचा हात कोरडा पडतो तो जूनच्या तोंडाशी. बियाणं-खत घ्यायचं असतं, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्चही त्याच पंधरवड्यात येतो. आपली थैली मात्र भरते आणि रिकामी होते नाताळात. पेशंट नांदेडच्या सरकारी दवाखान्यात हलवला की उपचार एकवेळ फुकट होतात, पण सोबतच्या माणसाचं गाडीभाडं आणि दोन वेळचं जेवण कोण बघणार? हे खर्च फोटोत येत नाहीत, म्हणून अंदाजपत्रकातही येत नाहीत.

तेव्हा कापणीच्या सणाचं अर्पण वेगळ्या खात्यात टाकून जूनपर्यंत हात न लावता ठेवावं. ते कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीत निम्म्या जागा बायकांना द्याव्यात, आणि त्यांतल्या निदान दोघी ऊसतोडीला किंवा रोजंदारीला जाणाऱ्या असाव्यात. बैठक रविवारी उपासनेनंतर नको, संध्याकाळी घ्यावी. रोजंदारीवाल्यांना तेव्हाच सवड असते.