हातांना उद्याचे काम

बंगालचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती. एक डोळा निकामी, दुसऱ्याने जवळचे तेवढेच दिसे. तरीही शांतिनिकेतनातील हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र १९४७ मध्ये पुरे केले. पुढे, पन्नाशी ओलांडल्यावर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि उरलीसुरली दृष्टीही गेली.

चित्रकाराने यानंतर स्वस्थ बसावे, असेच कोणीही म्हणेल. बिनोदबाबूंनी मात्र शिकवणे सोडले नाही. त्यांनी लहान मूर्ती घडवल्या, रंगीत कागद कापून, बोटांनी कडा चाचपून चित्रे जुळवली. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांचे चिनीमातीच्या फरशांचे भित्तिचित्र उभे राहिले. त्याच वर्षी त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा लघुपट काढला.

कलेने त्यांची व्याधी बरी केली नाही; तसा दावा करणारे लेख हल्ली फार वाचावे लागतात. कलेने त्यांना दिले ते वेगळेच: या तुकड्याची कड कोणत्या कडेला भिडेल, हा उद्या सकाळपर्यंत सोबत करणारा प्रश्न. निर्मितीतला अर्थ बहुधा अशा अपुऱ्या राहिलेल्या कामातच दडलेला असतो, पुरस्कारात क्वचितच.

आपल्या घरांत नेमका हाच प्रश्न आपण प्रेमापोटी काढून घेतो. गोधडी शिवणाऱ्या आजीला आपण म्हणतो, “कशाला डोळे शिणवतेस? विकत मिळते की!” तिला ऐकू येते ते इतकेच, की आता तुझ्या कामावाचून कोणाचे अडत नाही. त्यापेक्षा मोठ्या नेढ्याची सुई आणून द्यावी, फिक्या कापडावर गडद दोरा घ्यायला सुचवावे, बाजूने येणाऱ्या उजेडाची सोय करावी. बोटे आखडत असतील तर मध्ये मध्ये विसावा हवाच. आणि अर्धे शिवलेले काम पाहुणे येणार म्हणून गुंडाळून माळ्यावर टाकू नये. नीटनेटकेपणाच्या हौसेने किती कामे अशी कायमची थांबली असतील!

एक सावधगिरी मात्र हवी. आवडते काम समोर असूनही हात लावावासा वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, मन खिन्न आहे, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर तो आळस किंवा वयाचा परिणाम समजू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अशा वेळी ‘मन रमव’ हा उपदेश जाचकच ठरतो.

एरवी कोरड्या कौतुकापेक्षा मागणीचे मोल अधिक. नात्यात कोणाकडे बाळ येणार असेल, तर आजीकडे दुपटे मागावे, आणि ते कधीपर्यंत हवे आहे तेही सांगावे.