आधी जान, मग दुकान

व्हिडिओ गेमच्या जुन्या यंत्रांची दुरुस्ती घरी सुरू करणाऱ्या कारागीर बांधवांनी पहिला पैसा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर खर्चावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पिक्चर ट्यूबच्या कित्येक चेसिस थेट मेनलाइनवर चालतात. यंत्र बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ते उतरवल्याशिवाय हात घालू नये. लेकराबाळांच्या घरात तर टेबलाला वेगळा स्विच हवाच.

१९८५च्या जामा पद्धतीचा ५६ पिनांचा कनेक्टर आणि ५ व १२ व्होल्टचा सप्लाय टेबलावर असला, की त्या पद्धतीचा बोर्ड कॅबिनेटविना तपासता येतो. बोर्ड लावण्याआधी ५ व्होल्ट मीटरने मोजावेत. गिऱ्हाइकाचा बोर्ड ही अमानत आहे. जुगाराचे यंत्र मात्र परत पाठवावे. बरकत हलाल कमाईतच असते.