आठ काढला म्हणजे गाडी आली?

गेल्या आठवड्यात आपल्याकडे आरटीओचा कॅम्प होता. बातमीसाठी म्हणून गेलो आणि दीड तास उभाच राहिलो. मैदानात फक्कीने इंग्रजी आठ आखलेला. पोरं एकामागून एक यायची, पाय न टेकवता आठ काढायची, की झालं, पुढचा या. एकाला मिनिटभरही लागत नव्हतं. गिअरच्या गाडीचा परवाना मागणाऱ्या दोघांनी चाचणी दिली ती बिनगिअरच्या स्कूटरवर. स्कूटर एजंटाची.

एका पोराने मध्येच पाय टेकवला. नापास, पुढची तारीख घे म्हणून सांगितलं. पोराने काय करावं? मित्राला मागे बसवलं, गाडीला किक मारली आणि हायवेने घरी गेला. तुला गाडी येत नाही, असं ज्याला पाच मिनिटांपूर्वी सांगितलं, तो सगळ्यांसमोरून डबलसीट निघून गेला. तिथे उभ्या असलेल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. घरी आल्यावर वाटलं, म्हणून हे लिहितोय.

कायद्यात शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा असतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवस तरी पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. हे ३० दिवस कशासाठी? शिकण्यासाठी. गाडीला 'एल' लावायचा आणि मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणाला बसवायचं नाही, त्याच्याकडेही पक्का परवाना हवा, असा नियम आहे. खरं सांगा, आपल्या तालुक्यात 'एल' लावलेली मोटारसायकल शेवटची कधी पाहिलीत? २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारवर घरबसल्या देता येते. सोय चांगली आहे. पण पोराच्या नावाने उत्तरं कोण टिकवतं, ते नेट कॅफेत जाऊन बघा.

मग शिकवतं कोण? चुलतभाऊ. कुठे? शाळेच्या मैदानात नाहीतर गावाबाहेरच्या रस्त्यावर. काय? क्लच हळू सोड, ॲक्सिलेटर दे, पडलास तर ऊठ. वर एक सल्ला, 'पुढचा ब्रेक दाबू नको, उलटा होशील.' हा सल्ला माणसं मारतो. गाडी थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत दाबायला शिकावं लागतं. वळणावरच्या वाळूत ब्रेक मारायचा नाही, वेग आधीच कमी करायचा, हेही शिकावं लागतं. समोरच्याने अप्पर मारल्यावर नजर कुठे ठेवायची, हेही. आणि कारखाने सुरू झाले की रात्री बिनलाईटची, बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली समोर येते, तेव्हा आपला वेग किती असावा, हेही. यातलं काहीही त्या फक्कीच्या आठात नाही.

केंद्राच्या परिवहन मंत्रालयाचे २०२२ चे आकडे बघा. देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली शंभरातली ४४ दुचाकीवरची. म्हणजे रोज दोनशे.

आता कुणी म्हणेल, रस्ते खराब आहेत. आहेतच, त्यावर मी वर्षानुवर्षं लिहितोय आणि लिहीत राहीन. पण खड्डा चुकवायलाही गाडी यावी लागते. कुणी म्हणेल, एसटी वेळेवर नाही, पोरीने कॉलेजला जायचं कसं? हे दुखणं खरं आहे. गरिबाच्या पोराला मोटारसायकल ही हौस नाही, तीच त्याची एसटी आहे. म्हणून तर त्याला नीट शिकवा म्हणतोय. गाडी देऊ नका म्हणत नाही.

आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या पालकांनो, रागावू नका. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा असतो. तुमच्या दारातली स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची आहे. तिच्यासाठी तो परवाना म्हणजे कोरा कागद. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. शिवाय परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एकरभर रान विकायची वेळ येते.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोघांना उडवलं, तेव्हा ३०० शब्दांच्या निबंधावर आपण सगळेच तुटून पडलो होतो. ते दोघं मोटारसायकलवर होते. अल्पवयीनाच्या हातात गाडी आलीच कशी, असं आपण विचारलं. बरोबर विचारलं. आता तोच प्रश्न आपल्या घरात विचारू. आपल्या गाडीची चावी कुठल्या खिळ्याला असते आणि ती कोण काढतं?

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. कॉलेजात असताना माझा परवाना एजंटाने आणून दिला. मी आठसुद्धा काढला नव्हता. आणि इतकी वर्षं अपघाताच्या बातमीत मी एक ठरलेलं वाक्य लिहीत आलोय, 'दुचाकीवरील नियंत्रण सुटल्याने.' नियंत्रण होतं कधी, हे एकदाही विचारलं नाही.

म्हणून तीन मागण्या. एक, कॅम्पमध्ये ज्या गाडीचा परवाना मागितलाय, त्याच गाडीवर चाचणी घ्या. आठाबरोबर ब्रेक मारून दाखवायला लावा. नापास झालेल्याला गाडीवरून परत जाऊ देऊ नका. दोन, कॉलेजांनी आणि नगरपालिकेने महिन्यातून एक रविवार मैदान द्यावं. एसटीतून निवृत्त झालेले चालक आपल्या गावात कमी नाहीत. आयुष्य रस्त्यावर घालवलेली माणसं आहेत, त्यांना मानाने बोलवा, पोरांना रस्ता शिकवतील. तीन, आपल्यासाठी. शिकाऊ परवान्याची सरकारी फी १५० रुपये, परीक्षेचे ५०, पक्क्या चाचणीचे ३००, परवान्याचे २००, कार्डाचे वेगळे. यावर एजंटाला किती दिले आणि कशाचे दिले, ते कमेंटमध्ये लिहा. चाचणी द्यावी लागू नये म्हणून दिले असतील, तर तेही लिहा.

पुढच्या कॅम्पला मी निवेदन घेऊन जाणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी सांगा. येताना हेल्मेट घाला, आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्याने मागे बसून या.