‘अजून नक्की काही नाही’ हे वाक्य फुकट येत नाही

३० मे २०२४. नवतपा सुरू होता. घराघरात कूलर फुल्ल आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच मेसेज : नागपूर ५६ अंश! तुम्हीही तो कुणाला तरी फॉरवर्ड केला असेल. ऊन आपल्याला नवं नाही. पण राजस्थानातल्या फलोदीचा ५१ अंशांचा देशातला विक्रमही मागे टाकणारा आकडा म्हटल्यावर कोण गप्प बसेल?

मग हवामान खात्याने खुलासा केला. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६, दुसऱ्यावर ५४, पण इतर दोन केंद्रांवर ४४. म्हणजे पहिल्या दोन केंद्रांचे सेन्सर बिघडले होते. आकडा मागे घेतला गेला, विषय संपला.

संपला का पण? प्रत्येक ग्रुपवर एक भाऊ असतोच. तो म्हणतो, “बघा, यांना साधं तापमान मोजता येत नाही आणि निघाले शंभर वर्षांनंतरचं सांगायला. हे ग्लोबल वॉर्मिंगबिर्मिंग सगळं बोगस आहे.” सोबत एखाद्या भारदस्त नावाच्या संस्थेची लिंक. नावात कुठे ‘इन्स्टिट्यूट’, कुठे ‘पॉलिसी’, कुठे ‘फाउंडेशन’. आपण दबकतो. इतक्या मोठ्या संस्थेने म्हटलंय म्हणजे काहीतरी तथ्य असेल.

इथे जरा थांबा. शंका घेणं वाईट नाही. हवामान खात्याने स्वतःच्याच आकड्यावर शंका घेतली म्हणून तर चूक सापडली. प्रश्न इतकाच आहे की ग्रुपवर आलेली ही दुसरी शंका कुठून येते, तिचा खर्च कोण करतो आणि त्याला त्यातून काय हवं असतं?

शंकेचा कारखाना

ही गोष्ट अमेरिकेत सुरू होते, कारण या धंद्याची कागदपत्रं तिथेच सगळ्यात जास्त बाहेर आली आहेत.

सिगारेटमुळे कॅन्सर होतो हे डॉक्टर सांगू लागले तेव्हा तंबाखू कंपन्यांनी ‘होत नाही’ हे सिद्ध करायचा खटाटोप केला नाही. ‘अजून नक्की काही सांगता येत नाही’ एवढंच लोकांच्या मनात राहावं, यावर त्यांनी पैसा लावला. शंका हाच आमचा माल आहे, अशा अर्थाचं वाक्य एका तंबाखू कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात सापडलं.

तीच युक्ती पुढे तेल आणि कोळशाच्या धंद्यात आली. १९८९ मध्ये तेल, कोळसा, मोटारी अशा उद्योगांनी मिळून ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ नावाची आघाडी काढली. नाव ऐकून वाटेल पर्यावरणप्रेमींची संघटना. काम मात्र हवामानविषयक करारांना विरोध करण्याचं. २००२ मध्ये ती बंद झाली.

डिसेंबर १९९७ मध्ये क्योटो करार झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, १९९८ मध्ये, अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेने जुळवून आणलेल्या गटाचा एक आराखडा फुटला. आपण जिंकलो हे कधी समजायचं, याची व्याख्याच त्यात होती : सामान्य नागरिकाला हवामानशास्त्रातली अनिश्चितता ‘समजेल’ तेव्हा. विज्ञान खोटं ठरवण्याची गरजच नव्हती. तुम्ही-आम्ही ‘कोण जाणे बाप्पा’ म्हटलं की त्यांचं काम झालं.

आणि या लोकांना खरं माहीत नव्हतं का? एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून केलेले तापमानवाढीचे अंदाज संशोधकांनी तपासले. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो अभ्यास आला. कंपनीचे बहुतेक अंदाज पुढे प्रत्यक्षात आलेल्या तापमानवाढीशी जुळत होते. प्रयोगशाळेत एक आणि जाहिरातीत दुसरंच.

पैसा येतो कुठून?

कंपनीने स्वतःच्या नावाने ‘काळजी करू नका’ म्हटलं तर कोण ऐकेल? म्हणून मधे थिंक टँक लागते. कंपनी किंवा धनाढ्य कुटुंबाची फाउंडेशन पैसे देते, थिंक टँक अहवाल काढते, तिथला तज्ज्ञ टीव्हीवर बसतो आणि खालच्या पट्टीत त्याच्या नावापुढे फक्त संस्थेचं नाव दिसतं. पैसे देणारा पडद्याआड राहतो.

शिकागोजवळची हार्टलँड इन्स्टिट्यूट, वॉशिंग्टनची जॉर्ज सी. मार्शल इन्स्टिट्यूट, ब्रिटनमध्ये माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी २००९ मध्ये काढलेली ग्लोबल वॉर्मिंग पॉलिसी फाउंडेशन ही या जगातली गाजलेली नावं. रॉबर्ट ब्रूल या समाजशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये अशा ९१ अमेरिकी संस्थांचा हिशेब मांडला. २००३ ते २०१० या काळात त्यांचं एकत्रित वार्षिक उत्पन्न ९० कोटी डॉलरच्या आसपास होतं. हा सगळा पैसा हवामानाच्या विषयावरच खर्च झाला असं नाही, कारण यातल्या बऱ्याच संस्था कर, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरही काम करतात. ब्रूल यांनीही ते स्पष्ट केलं होतं. पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. २००८ च्या सुमारास एक्सॉन आणि कोच यांच्या नावावर दिसणाऱ्या देणग्या आटल्या आणि ‘डोनर्स ट्रस्ट’सारख्या, देणगीदाराचं नाव गुप्त ठेवणाऱ्या मार्गाने येणारा पैसा वाढला.

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. तापमानवाढीचं खापर सूर्यावर फोडणारे संशोधक विली सून यांना तेल-कोळसा-वीज कंपन्यांकडून दशकभरात १२ लाख डॉलरहून अधिक निधी मिळाल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. आपल्या बऱ्याच शोधनिबंधांत त्यांनी ते सांगितलं नव्हतं. २०१६ मध्ये पीबॉडी ही बलाढ्य कोळसा कंपनी दिवाळखोरीत गेली. कोर्टात देणेकऱ्यांची यादी द्यावी लागली, तेव्हा तिच्यात हवामान बदलावर शंका घेणाऱ्या संस्थांची आणि व्यक्तींची नावं निघाली.

मग गरिबांची आठवण झाली

या मंडळींचा सूर कसा बदलत गेला ते बघा. आधी, ‘तापमान वाढतच नाही’. मग, ‘वाढतंय, पण माणसामुळे नाही’. मग, ‘माणसामुळे असेल, पण उपाय फार महाग आहेत’. आणि शेवटी, ‘उपाय केले तर गरीब मरेल’.

शेवटचं वाक्य थेट आपल्या नावाने बोललं जातं. २०१४ मध्ये याच पीबॉडीने जगभर मोहीम चालवली : गरीब देशांना अंधारातून बाहेर काढायचं तर कोळसाच हवा. तिच्या एका जाहिरातीतल्या ‘स्वच्छ कोळसा’ या शब्दांवर ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेने त्याच वर्षी दिशाभूल करणारे म्हणून बोट ठेवलं.

भारतातली नावंही या जाळ्यात दिसतात. २००७ मध्ये ‘सिव्हिल सोसायटी कोअलिशन ऑन क्लायमेट चेंज’ अशी आघाडी उभी राहिली. ती चालवणाऱ्या लंडनच्या इंटरनॅशनल पॉलिसी नेटवर्कला एक्सॉनमोबिलकडून देणग्या मिळाल्या होत्या. आघाडीच्या सदस्यांत दिल्लीची लिबर्टी इन्स्टिट्यूटही होती. आता यावरून ‘दिल्लीवाल्यांनाही तेलाचे पैसे मिळाले’ असा निष्कर्ष काढू नका. खुल्या बाजारावर मनापासून विश्वास असणारे लोकही तिथे पोहोचतात. पण ती आघाडी कुणी जुळवली आणि त्यांना पैसे कोण देत होतं, हे माहीत असलं की तिचा अहवाल आपण वेगळ्या नजरेने वाचतो.

खरी शंका कशी असते?

म्हणजे पाश्चात्त्यांनी सांगितलेलं सगळं मुकाट मान्य करायचं का? अजिबात नाही. आपल्याकडे याचं एक झकास उदाहरण आहे.

१९९० मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने देशवार उत्सर्जनाचे आकडे काढले आणि भारताला मोठ्या प्रदूषकांच्या रांगेत बसवलं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्यावर झोड उठवली. गरीब शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीतला मिथेन आणि अमेरिकी माणसाच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसा तोलता, हा त्यांचा सवाल होता.

त्याच सुमारास अमेरिकी यंत्रणेचा अंदाज होता की भारतातल्या भातशेतीतून वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या घरात मिथेन निघतो. शास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने आपल्या लोकांनी देशभरातल्या बांध्यांमध्ये जाऊन प्रत्यक्ष मोजमाप केलं. आकडा निघाला ४० लाख टनांच्या आसपास. भंडारा-गोंदियाचा धान पिकवणारा माणूस उगाच आरोपी ठरला असता.

शंका दोन्हीकडे आहे, पण फरक बघा. मित्रांनी शंका घेतली, शेतात गेले, मोजलं, आकडा जगासमोर ठेवला. शंका मिटली. १९९८ च्या त्या आराखड्याला शंका मिटायलाच नको होती. ती जितकी वर्षं टिकेल तितकी वर्षं धंदा जुन्या पद्धतीने चालू शकतो. या कारखान्यात तयार होणारा खरा माल म्हणजे उशीर.

आता कोराडीकडे वळू

उशिराचा अर्थ नागपूरकराला वेगळा समजावून सांगायला नको. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, सिव्हिल लाइन्समध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं शिक्षण कोळशाच्या पगारावर झालं असेल. त्यामुळे ‘कोळसा वाईट, उद्या बंद करा’ असं म्हणणं सोपं नाही आणि ते इथे म्हणायचंही नाही.

पण एक हिशेब करू. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून टाकणारी एफजीडी नावाची यंत्रणा असते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने नियम केले, मुदत दोन वर्षांची. ती पुढे सरकत राहिली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सुमारे ७८ टक्के युनिट्सना यंत्रणा लावण्यापासून सूटच मिळाली. एनसीआर आणि दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना मात्र ती लावावीच लागेल, मुदत डिसेंबर २०२७. २०१५ मध्ये पहिलीत असलेला पोरगा तोवर बारावी पास झालेला असेल.

ही सूट देताना अभ्यासांचा आधार घेतला गेला, त्यात आपल्या नागपूरच्याच नीरीचा अभ्यास होता. म्हणणं असं की भारतीय कोळशात गंधक कमी, हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत, आणि ही यंत्रणा चालवायला वीज लागणार म्हणजे कार्बन डायऑक्साइड उलट वाढणार. सीआरईए या संशोधन संस्थेचं म्हणणं वेगळं. हा वायू हवेत सूक्ष्म कण तयार करतो आणि ते शेकडो किलोमीटर जातात, म्हणून फक्त वायू मोजून भागत नाही.

इथे कुणी विकलं गेलंय असं मी म्हणत नाही. नीरी ही १९५८ पासूनची सरकारी संस्था आहे.  सीआरईए ही फिनलंडमध्ये सुरू झालेली, अनुदानांवर चालणारी संस्था. म्हणजे ‘पैसे कुणी दिले’ हा प्रश्न दोघांनाही विचारायचा. आपल्याला आवडणाऱ्या बाजूला तर आधी. टेरी ही हवामान विषयातली आपली नावाजलेली संस्था १९७४ मध्ये टाटांच्या पाठबळावर उभी राहिली, म्हणून तिचं काम खोटं ठरत नाही. पैसा कुणाचा हे कळलं की निष्कर्ष आपोआप चूक ठरत नाही. कुठे बारकाईने बघायचं, एवढंच त्यातून कळतं.

मग काय विचारायचं?

पुढची लिंक आली की चार गोष्टी बघा. संस्था देणगीदारांची नावं सांगते का? आकडा स्वतः मोजलाय की दुसऱ्याच्या आकड्यातली चूक फक्त दाखवलीय? काय पुरावा मिळाला तर मत बदलू, हे ती कुठे सांगते का? आणि तिचं ऐकलं तर नेमकं काय पुढे ढकललं जातं आणि ते कुणाच्या फायद्याचं?

हे फक्त मोबाइलवर करायचं काम नाही. २९ मे २०२३ ला कोराडीत ६६० मेगावॉटच्या दोन नव्या युनिट्ससाठी जनसुनावणी झाली. अशा सुनावणीआधी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार होतो. तो करणाऱ्या सल्लागाराला नेमतो आणि त्याचे पैसे देतो तो प्रकल्पवालाच. हे काही लपूनछपून होत नाही, देशातली पद्धतच तशी आहे. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणं मात्र बंधनकारक असतं, आणि सुनावणीत बोलायचा हक्क तिथल्या रहिवाशांना असतो.

कोराडी, महादुला, खापरखेडा, कामठी या भागात राहत असाल तर पुढच्या वेळी तो मराठी सारांश मागून घ्या. सुनावणी होते ती ऐन उन्हाळ्यात, मांडव तापलेला असतो, लवकर घरी जावंसं वाटतं. तरी माइक हातात येईपर्यंत थांबा. राख कुठे जाणार, पाणी कुठून येणार, हवा कुणी, किती दिवस आणि कोणत्या ठिकाणी मोजली, हे विचारा. उत्तर ‘अजून नक्की नाही’ असं आलं, तर नक्की कधी होणार आणि तोपर्यंत काम थांबणार का, तेही विचारून ठेवा.